विहीर-पाइपलाइन मोजणीतच लिहून घ्या

सरकार जमीन संपादित करतं तेव्हा ‘रेडीरेकनरचा (सरकारने ठरवलेला जमिनीचा) दर कमी, म्हणून मोबदला कमी’ असं म्हणतात, ते अर्धंच खरं. रावेर-यावलकडे केळीच्या वावरात बराच पैसा विहिरीत आणि गाडलेल्या पाइपलाइनीत अडकलेला असतो. 2013च्या भूसंपादन कायद्यात विहीर, झाडं, बांधकाम यांचं मूल्य वेगळं धरतात आणि 100 टक्के दिलासा रक्कम (मोबदल्याइतकीच वरची रक्कम) त्यासकट मिळते. म्हणजे संयुक्त मोजणीत (संपादनासाठी सरकारी खाती मिळून करतात त्या मोजणीत) विहीर सुटली की नुकसान दुप्पट. आमच्या भाऊबंदांतल्या एकाची पाइपलाइन अशीच राहिली. वरून दिसते कुठे! पंचनाम्यावर सही करण्याआधी नोंदी वाचाच.

आणि पैसे उचलताना ‘हरकत राखून’ असं लेखी द्या, नाहीतर वाढीव मोबदल्यासाठी याच कायद्याच्या कलम 64चा अर्ज करता येत नाही.