पूल पाडायलाच हवा होता, पण आधी चालणाऱ्याची वाट करायला हवी होती

परळ_पूर्व
मुंबईत रुळांवरून परळ आणि प्रभादेवीला जोडणारा एल्फिन्स्टनचा पूल 12 सप्टेंबर 2025 च्या रात्री बंद झाला. तिथे आता दुमजली पूल होतोय. खालून परळ-प्रभादेवीची वाहतूक, वरून शिवडी-वरळी जोडरस्ता, म्हणजे अटल सेतूवरून उतरलेली गाडी थेट वरळीला. माझा कामाला विरोध नाही. शंभरी ओलांडलेला पूल किती दिवस रेटणार? गिरण्या गेल्या, टॉवर आले, गाड्या वाढल्या आणि रस्ते तेवढेच राहिले.

तक्रार क्रमाबद्दल आहे. पूल बंद करायच्या दिवशी गाड्यांसाठी सगळं आखलेलं होतं: टिळक पूल, करी रोड, चिंचपोकळी. चालणाऱ्याला एवढंच सांगितलं, की रेल्वेच्या पादचारी पुलांवरून जा.

परवा संध्याकाळी प्रभादेवीच्या बाजूला साताऱ्याकडचं एक जोडपं भेटलं. बाईंच्या हातात एक्स-रेचं मोठं पाकीट, नवऱ्याच्या नाकात नळी. टॅक्सीवाल्याने तिथेच उतरवलं, पुढे पूल नाही म्हणाला. केईएम, टाटा, वाडिया, तिन्ही रुग्णालयं रुळांच्या पलीकडे. ते गृहस्थ आठ-दहा पायऱ्या चढायचे, कठडा धरून उभे राहायचे आणि मागून लोकलची गर्दी चढत यायची. मी त्यांची पिशवी घेतली, पण त्यांना काही उचलून घेऊ शकलो नाही.

आणि हे कुठे, तर 29 सप्टेंबर 2017 ला जिथल्या जिन्यावर चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली, त्याच प्रभादेवी (तेव्हाचं एल्फिन्स्टन रोड) स्टेशनात. त्यानंतर लष्कराने काही महिन्यांत नवा पादचारी पूल उभा केला, फेब्रुवारी 2018 मध्ये तो खुलाही झाला. म्हणजे मनावर घेतलं की होतं. लिफ्ट किंवा उतार असलेली पायवाट हे कंत्राटातलं पहिलं काम हवं, आणि ती सुरू झाल्याशिवाय मोठ्या पुलाला हातोडा लागता कामा नये.

सळई_सिमेंट
दादा, तुमची कळकळ खरी आहे, पण क्रमाबद्दल मी सहमत नाही. अशा कामांवर आयुष्य गेलंय, म्हणून सांगतो.

या पुलाखालून पश्चिम आणि मध्य, दोन्ही रेल्वे जातात. वर विजेच्या तारा. खाली लोकल धावत असताना गर्डर, म्हणजे पुलाची तुळई, उचलता येत नाही. त्यासाठी ब्लॉक लागतो, म्हणजे गाड्या थांबवाव्या लागतात, आणि तो मिळतो रात्रीचे काही तास. तुम्ही म्हणता तशी नवी पायवाटही त्याच रुळांवरून जाणार. तिलाही तेच ब्लॉक, तीच रेल्वेची मंजुरी. म्हणजे मुख्य पुलाच्या वाट्याचे ब्लॉक तिने खायचे. अर्धा पूल चालू ठेवून अर्धा पाडा, असंही काहीजण म्हणतात. जुन्या पुलावर ते धोक्याचं, आणि वेळही दुप्पट. एकदाच बंद करा, जोरात काम करा, उघडा. लोकांचा त्रास त्यातच कमी.

गाळा_नंबर_सहा
“एकदाच बंद करा, जोरात काम करा” हे आम्ही डिलाईल रोडला ऐकलंय. जुलै 2018 मध्ये तिथला लोअर परळचा पूल बंद झाला, पूर्ण उघडला नोव्हेंबर 2023 मध्ये. माझं हार्डवेअरचं दुकान त्या उतरणीजवळ होतं. समोर निळे पत्रे लागले. गिऱ्हाईक पलीकडून हात करायचं, यायला मात्र वाट नाही. रंगाचे डबे घ्यायला येणारे मिस्त्री दोन महिन्यांत दुसरीकडे गेले, परत फिरकले नाहीत. चौथ्या वर्षी मी शटर कायमचं ओढलं. कधी उघडणार, हे विचारायला किती खेटे घातले त्याची मोजदाद नाही. प्रत्येक वेळी नवा महिना सांगायचे.

इंजिनिअरसाहेब, तो पूलही पूर्णच बंद होता ना? अंधेरीचा गोखले पूलसुद्धा नोव्हेंबर 2022 पासून पूर्ण बंद. फेब्रुवारी 2024 मध्ये एक बाजू उघडली, तेव्हा शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल जवळपास दीड-दोन मीटर खाली राहिला होता! तो जोडायला जुलै उजाडला. यात ब्लॉकचा काय दोष?

काळीपिवळी
मी परळ नाक्यावर टॅक्सी लावतो. इंजिनिअरसाहेबांचं मला पटतं, पूर्ण बंद तेच बरं. पण निम्मी कोंडी पूल बंद झाल्याची नाहीच. करी रोडच्या पुलावर सकाळी एका दिशेने, दुपारनंतर उलट दिशेने एकेरी सोडतात. ती युक्ती चांगली आहे. पण पुलाच्या तोंडाशीच टेम्पो माल उतरवत उभा असतो, शेजारी दुचाक्यांची रांग. दोन गाड्यांचा रस्ता एका गाडीचा होतो. काम चालू असेपर्यंत वळणाच्या रस्त्यांवर दिवसा माल उतरवणं बंद करा. दुकानदारांना वाईट वाटेल, पण इलाज नाही.

गाळा_नंबर_सहा
पुन्हा आमच्याच पोटावर पाय? मोठ्या शोरूमला रात्री माल घेणं जमतं, त्यांच्याकडे माणसं असतात. एकट्याने दुकान चालवणाऱ्याने रात्री बारा वाजता सिमेंटच्या गोणी कोणाकडून उतरवायच्या? सकाळी सात ते नऊ द्या, मान्य. आणि जितके महिने पत्रे, तितके महिने परवान्याची फी माफ. नुसतं “सहकार्य करा” असा फलक लावून चालणार नाही.

परळ_पूर्व
काका, सात ते नऊ हॉस्पिटलची गर्दी असते. सहा ते आठ करा, तर मी तुमच्या बाजूने.

सळई_सिमेंट, ब्लॉकचं तुमचं म्हणणं मी मानतो. पण हे काम काही एका रात्रीत ठरलं नाही. आधी एप्रिल 2025 मध्येच बंद करायचं ठरलं होतं, ते रहिवाशांच्या विरोधामुळे पुढे गेलं. विरोध चुकीचा नव्हता. घर जाणार असेल तर माणूस आधी विचारणारच, आम्ही राहायचं कुठे. पण एप्रिल ते सप्टेंबर जो वेळ हातात आला, त्यात एक लिफ्ट बसली असती ना? लिफ्ट रुळांच्या बाजूला बसते, रुळांवर नाही.

रात्रपाळी
मी परळच्याच एका रुग्णालयात परिचारिका आहे. तुमच्या भांडणात एक गोष्ट राहून गेली. आमच्याकडे येणारा निम्म्याहून जास्त पेशंट मुंबईचा नसतो. सोलापूर, जळगाव, रत्नागिरी. त्याला “पूल बंद” हे प्रभादेवीला उतरल्यावर कळतं. केमो घेऊन परत जाणारा पेशंट जिन्यात बसलेला मी स्वतः पाहिलाय, उलटीची पिशवी हातात धरून. त्याला दुमजली पुलाचं काय?

पुढच्या तारखेचं कार्ड देतो, त्यावर एक ओळ छापता येते: टॅक्सीने येत असाल तर दादर टीटीवरून (दादर पूर्वेकडून) या, प्रभादेवीच्या बाजूला उतरू नका. याला ना ब्लॉक लागतो ना मंजुरी. आमच्या वॉर्डात आम्ही हाताने लिहून द्यायला सुरुवात केली आहे.

सळई_सिमेंट
लिफ्टचा मुद्दा मान्य. ती ब्लॉकशिवाय बसवता आली असती, बसवायला हवी होती. पूर्ण बंद करण्याच्या मतावर मात्र मी ठाम आहे.

ताई, स्ट्रेचर वळेल एवढी लिफ्ट किती रुंद लागते, ते तुमच्याकडून कळेल का? आमच्या नकाशात चाकाच्या खुर्चीचंच माप धरतात.

रात्रपाळी
उद्या ड्युटीवर टेप नेते. सलाईनचा स्टँड आणि सोबतचा एक माणूस धरूनच मोजते, कारण पेशंट एकटा कधीच नसतो.