डायलिसिस पेशंटची खाज: गॅबापेंटिनची वेळ आणि नोंद कशी ठेवता?

बेळगाव-खानापूर भागातल्या छोट्या डायलिसिस युनिटसाठी विचारतेय. सहा पेशंटना पाठीला आणि हातांना खाज, रात्री जास्त. खरूज नाही, तपासून झालंय. घरात दुसऱ्या कुणाला खाज नाही.

आतापर्यंत केलेलं: कोमट पाण्याची आंघोळ, अंग ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली, दिवसातून दोनदा. सेवेलामर (अन्नातला फॉस्फरस अडवणारी गोळी) जेवतानाच घ्यायला लावलं. बरेचजण जेवणानंतर तासाभराने घेत होते, मग फॉस्फरस अडणार कसा! आता बहुतेकांचा रक्तातला फॉस्फरस 5.5 mg/dL च्या खाली आहे. सेट्रिझिनने (ॲलर्जीची, हिस्टामिन रोखणारी गोळी) नुसती झोप आली. हिस्टामिन हे या खाजेचं मुख्य कारण नाहीच.

डॉक्टरांनी दोघांना गॅबापेंटिन (नसांवरचं औषध, या खाजेवरही देतात) 100 मिग्रॅ दिलंय, फक्त डायलिसिसच्या दिवशी, डायलिसिस संपल्यावर. एकाला आराम आहे. दुसऱ्या आजींना गुंगी येते, आणि त्या एकट्या बसने गावी जातात. डायलिसिस आठवड्यातून दोनदाच. आठवड्यात तिसरं डायलिसिस किंवा फोटोथेरपीच्या (त्वचेवर प्रकाशाचे उपचार) फेऱ्या परवडणाऱ्या नाहीत.

गोळी युनिटमध्ये न देता त्याच रात्री झोपताना घ्यायला सांगावी, असं डॉक्टरांना सुचवायचंय. पण घरी रोज घेतली तर? किडनी काम करत नसल्याने ती अंगात साठते. एकेक गोळी पुडीत बांधून देता का?

शिवाय 0 ते 10 आकडा वयस्करांना जमत नाही. ‘सोळा आण्यांपैकी किती खाज’ विचारलं की लगेच सांगतात. कन्नड बोलणाऱ्यांना ‘तुरिके’ (खाज) विचारताना तुम्ही कोणतं माप वापरता?