बासष्टाव्या वर्षी ब्लूजचं वेड लागलंय, पुढे काय ऐकू?

मी बेळगावकडच्या खानापूरचा. घरी आकाशवाणी धारवाड लागायचं, मल्लिकार्जुन मन्सूर ऐकतच वाढलो. भजनी मंडळात चाळीस वर्षं पेटी वाजवतोय. गेल्या महिन्यात भाच्यानं आफ्रिकेतल्या माली देशाच्या अली फर्का तुरेंचं गिटारवरचं ब्लूज ऐकवलं. हातातला चहा तसाच खाली ठेवला बघा. मग पेटीवर सूर शोधले: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. अरे, हा तर आपला धानी राग! त्या रात्री झोप कसली येते? असं अजून काय आहे, सांगा की.

उत्तर १
काका, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या मूळ ब्लूजमध्येही हेच सूर भेटतील. फक्त ग बऱ्याचदा कोमल आणि शुद्धच्या मधे कुठंतरी लागतो. पेटीवर तो मिळायचा नाही, गळ्यातून काढून बघा. तिथले ब्लूज गायक जॉन ली हूकर ऐका, कितीतरी वेळ एकाच कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीवर) बसून राहतात, तंबोऱ्यासारखं.

उत्तर २
जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांची १९५९ची 'काइंड ऑफ ब्लू' ही ध्वनिमुद्रिका घ्या. पहिल्याच रचनेत काफी थाटाचे (ग, नी कोमल) सूर धरलेत. मधेच सगळं अर्ध्या सुरानं वर सरकतं आणि परत येतं. ती जागा कानानं पकडा.

उत्तर ३
आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीला १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व माळव्यात गेले, तिथली लोकगीतं ऐकून त्यांनी नवे राग बांधले. बाहेरचं ऐकायला वय आडवं येत नाही, काका.

खानापूरकर
तो मधला ग सकाळपासून घोळवतोय. आत्ता कुठं जरासा लागला. आतून विचारणा झाली, "हा कुठला अभंग?"