न्यू ऑर्लीन्समधील शाळांचे निकाल सुधारले, मग कृष्णवर्णीय पालक नाराज का?

मृण्मयी:
२००५ च्या कॅटरिना चक्रीवादळानंतर अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील न्यू ऑर्लीन्स शहरामधील जवळजवळ सर्व सरकारी शाळा चार्टर शाळा झाल्या, म्हणजे सरकारी पैशावर पण खासगी मंडळांकडून चालवल्या जाऊ लागल्या. आमच्या शिक्षणशास्त्राच्या वर्गात हे उदाहरण यशोगाथा म्हणून शिकवले जाते. तेथील कृष्णवर्णीय पालकांचे आणि शिक्षकांचे म्हणणे वाचले की मात्र आपले काहीतरी हिरावून घेतले गेल्याची भावना जाणवते. निकाल सुधारले असतील, तर राग कशाचा? जाणकारांनी कृपया लिहावे.

अनिरुद्ध:
रागाचे कारण घटनाक्रमात आहे. २९ ऑगस्टला वादळ आले, पूरबांध फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे ह्यूस्टन, अटलांटा अशा शहरांत विखुरलेली असतानाच, नोव्हेंबरमध्ये लुइझियानाच्या विधिमंडळाने कायदा करून शंभराहून अधिक शाळा लोकनियुक्त शिक्षण मंडळाकडून काढून घेतल्या आणि 'रिकव्हरी स्कूल डिस्ट्रिक्ट' या, मागे पडलेल्या शाळा ताब्यात घेणाऱ्या राज्याच्या यंत्रणेकडे सोपवल्या. पाठोपाठ सात हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना कामावरून काढण्यात आले. त्यांत चार हजारांवर शिक्षक होते. काढून टाकल्याची पत्रे नोंदीतल्या जुन्या पत्त्यांवर गेली, आणि त्यांतील कित्येक घरे तेव्हा उरलेलीच नव्हती.

वादळापूर्वी शहरातील सुमारे ७१ टक्के शिक्षक कृष्णवर्णीय होते. २०१४ पर्यंत हे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास आले. बडतर्फ कर्मचारी न्यायालयात गेले, खालच्या न्यायालयांत जिंकलेही. पण २०१४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला.

शर्वरी कु.:
अनिरुद्ध यांनी दिलेली माहिती मान्य आहे, परंतु जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाणेही योग्य नव्हे. शिक्षण मंडळ आर्थिक डबघाईला आले होते आणि भ्रष्टाचाराच्या चौकशीसाठी एफबीआयचे अधिकारी मंडळाच्या इमारतीतच बसत होते. ट्युलेन विद्यापीठातील संशोधकांनी लोकसंख्येतील बदल विचारात घेऊनही गुणांमध्ये लक्षणीय वाढ नोंदवली आहे. शालान्त शिक्षण पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण २००४ मध्ये सुमारे ५४ टक्के होते, ते दशकभरात ७० टक्क्यांच्या पुढे गेले. त्या मुलांपैकी बहुसंख्य कृष्णवर्णीयच आहेत, म्हणून हा लाभ मला क्षुल्लक वाटत नाही.

वसुधा:
लाभ क्षुल्लक नाही हे खरेच. माझा आक्षेप तो कोणाला वगळून मिळवला गेला याला आहे. १९६० मध्ये सहा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी रूबी ब्रिजेस केंद्रीय मार्शलांच्या पहाऱ्यात शहरातील, तोवर फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या विल्यम फ्रँट्झ शाळेत शिरली, तेव्हा गोऱ्या पालकांनी आपली मुले वर्गांतून काढून नेली. पुढे गोरी कुटुंबे सरकारी शाळांपासून दूर जात राहिली आणि त्या शाळा कृष्णवर्णीय समाजाने सांभाळल्या. शिक्षकाची नोकरी हा तेथील कृष्णवर्णीय मध्यमवर्गाचा कणा होता. एकाच वस्तीतल्या दोन-तीन पिढ्यांना शिकवलेल्या बाई अनेक ठिकाणी असत. त्यांच्या जागी अन्य राज्यांतून आलेले, बहुतांशी गोरे आणि अननुभवी तरुण शिक्षक नेमले गेले, ही गोष्ट गुणांच्या तक्त्यात दिसत नाही.

वस्तीतल्या शाळेऐवजी शहरभरातून शाळा निवडण्याच्या नव्या पद्धतीमुळे मुलांना दूरच्या शाळांत जावे लागू लागले, त्यामुळे कित्येकांना पहाटेच्या अंधारातच बसथांब्यावर उभे राहावे लागे. गुण कमी पडले की शाळा बंद होई किंवा दुसऱ्या संस्थेकडे जाई. अपंग विद्यार्थ्यांना प्रवेश आणि सोयी नाकारल्या जात असल्याबद्दल २०१० मध्ये खटलाही दाखल झाला होता.

मृण्मयी, वर्गात एवढे जरूर विचारा, की हे बदल ठरवताना विस्थापित पालकांचे मत कोणी घेतले होते का. २०१८ मध्ये शाळा पुन्हा लोकनियुक्त मंडळाच्या देखरेखीखाली आल्या, तरी त्या चालवणाऱ्या संस्था खासगीच राहिल्या. २०२४ मध्ये मंडळाने लिया चेस ही स्वतः चालवलेली शाळा सुरू केली. कृष्णवर्णीय पालकांना त्या शाळेच्या कारभारात कितपत वाव मिळतो, याकडे माझे लक्ष आहे.