ओहायोतून आलेली जुनी गाडी : तळाचा गंज कसा तपासावा?

नवा_रॅलेकर विचारतात :

नमस्कार. आम्ही दीड वर्षापूर्वी पुण्याहून उत्तर कॅरोलायनातील रॅले येथे राहायला आलो आणि आता घरात दुसरी गाडी लागणार आहे. एका लहान विक्रेत्याकडे २०११ ची होंडा सीआर-व्ही पाहिली. ती १,२१,००० मैल चालली असून किंमत ७,२०० डॉलर सांगितली आहे. याच वर्षाच्या आणि साधारण एवढ्याच चाललेल्या इथल्या गाड्यांपेक्षा ती दीड हजाराने स्वस्त आहे. कारफॅक्सच्या (गाडीचा पूर्वेतिहास देणाऱ्या कंपनीच्या) अहवालानुसार दोन मालक, अपघात नाही, ऑइल वेळेवर बदललेले. फक्त गेल्या ऑक्टोबरात लिलावातून इकडे येईपर्यंत गाडीची सगळी नोंदणी ओहायोत, क्लीव्हलंडच्या परिसरात झालेली आहे.

वरून गाडी चकचकीत आहे. मी गुडघे टेकून मोबाइलच्या उजेडात खाली पाहिले, तेव्हा मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला तपकिरी पोपडे दिसले आणि बाकीचा तळ कोणीतरी काळ्या रंगाने सारवल्यासारखा वाटला. विक्रेता म्हणतो की हा वरवरचा गंज आहे आणि उत्तरेकडच्या सगळ्याच गाड्यांना तो असतो. पुण्यात जुनी गाडी घेताना आपण इंजिन, टायर आणि अपघाताच्या खुणा पाहतो. तळ पाहण्याची सवय मला नाही. नेमके कुठे पाहावे, आणि कोणता गंज चालवून घ्यावा व कोणता नाही, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

---

एरीकाठची :

मी २६ वर्षे क्लीव्हलंडमध्ये राहते, त्यामुळे ही गाडी कोणत्या रस्त्यांवरून फिरली असेल याची मला चांगली कल्पना आहे. आमच्याकडे बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकायचे मीठ दुरून आणावे लागत नाही. एरी सरोवराच्या तळाखाली सुमारे १,८०० फुटांवर मिठाची खाणच आहे. बर्फ पडण्याआधी मिठाचे पाणी रस्त्यावर फवारतात आणि ते सुकले की डांबरावर पांढऱ्या समांतर रेघा उमटतात. साधे मीठ साधारण उणे ९ अंश सेल्सिअसच्या खाली फारसे काम करत नाही, म्हणून कडाक्याच्या थंडीत त्यात कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड मिसळतात. ही दोन्ही हवेतला ओलावा ओढून घेतात, त्यामुळे तळाला चिकटलेला थर रस्ते कोरडे झाले तरी दमटच राहतो. आणखी एक गोष्ट नव्याने आलेल्यांना उलटी वाटते : थंडीत उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीपेक्षा रोज रात्री उबदार गॅरेजात आणलेली गाडी पुष्कळदा लवकर गंजते, कारण गोठलेले खारे पाणी तिथे वितळते आणि उबेत गंजण्याची क्रिया वेग घेते. तेव्हा 'गाडी कायम गॅरेजात असायची' हे वाक्य ऐकून हुरळून जाऊ नका.

आता तुमच्या प्रश्नाकडे. सायलेन्सरवर, सस्पेन्शनच्या जाड लोखंडी भागांवर आणि बोल्टांच्या डोक्यांवर दिसणारा, बोट फिरवल्यावर भुकटीसारखा निघणारा नारिंगी गंज खरोखरच वरवरचा असतो आणि तो नसेल तर मलाच संशय येईल. ज्या गंजाचे पापुद्रे सुटतात, म्हणजे जुन्या पुस्तकाची पाने फुगावीत तसा पत्रा थराथराने फुगलेला दिसतो, तो मात्र निराळा. तिथे मूळ धातू किती उरला आहे हे बाहेरून समजत नाही. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने तिथे हलकेच ठोकून पाहा. चांगला पत्रा खणखणतो, खाल्लेला पत्रा बद्द आवाज करतो. चाकांच्या कमानींची आतली कड, दारांच्या खालच्या कडा (तिथली पाणी वाहून जाण्याची भोके तुंबलेली असतात), दारांखालचा लांब उंबऱ्यासारखा भाग, जॅक लावण्याच्या जागा आणि मागे स्टेपनीचा खळगा, या जागा आधी पाहाव्यात. कमानीवर रंगाखाली फोड आलेला दिसला तर तो आतून बाहेर आलेला आहे हे समजावे. रंग गुळगुळीत असूनही लोहचुंबक नीट धरत नसेल, तर त्याखाली पुट्टी भरलेली आहे.

परंतु मला खरी भीती ब्रेक लाइनची वाटते. आमची जुनी मिनीव्हॅन (कंपनीचे नाव राहू द्या) बाहेरून इतकी नीटनेटकी होती की तिचा तळ पाहावा असे आम्हाला कधी सुचलेच नाही. एके सकाळी घराच्या उतारावर ब्रेक दाबला आणि पॅडल पार खाली गेले. हँडब्रेकने गाडी कशीबशी थांबली. खाली वाकून पाहिले तर मागच्या चाकाकडे जाणारी पेन्सिलीपेक्षाही बारीक पोलादी नळी एका क्लिपपाशी फुटली होती आणि बर्फावर ब्रेक ऑइलचा पिवळट डाग पसरला होता. त्या क्लिपमागे खारा चिखल साठतो आणि नळी नेमकी तिथेच कुजते. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०१५ मध्ये जुन्या गाड्यांच्या ब्रेक पाइपांबद्दल खास सूचना काढून तळ धुण्याचा आणि पाइप तपासून घेण्याचा सल्ला दिला होता. नळ्या मोकळ्या दिसत असतील तिथे नव्हे, तर क्लिपांच्या आणि प्लॅस्टिकच्या आवरणांच्या मागे पाहावे.

---

मालवणी_बफलोत :

थोडी उलट बाजू मांडतो. बर्फाळ भागातली गाडी म्हणजे कुजलेलीच, असे समीकरण करू नये. माझी गाडी बफलोत १४ हिवाळे काढून आजही वार्षिक तपासणीत पास होते, कारण दर ऑक्टोबरात मी तिच्या तळाला तेलाचा फवारा मारून घेतो आणि थंडीत दोन आठवड्यांनी खालून धुतो. लहानपणी मालवणात खाऱ्या वाऱ्याने सायकलीची चेनसुद्धा वर्षाच्या आत लाल झालेली पाहिली आहे; आमचे आजोबा तिला तेल पाजत, मी गाडीला पाजतो, इतकाच फरक. गाव कोणते यापेक्षा मालकाने काय केले हे पाहावे आणि पावत्या मागाव्यात.

---

पाना_पकड :

मालवणी यांचे म्हणणे योग्य आहे, पण त्यांची गाडी न्यूयॉर्क राज्यातली आहे आणि तिथे दरवर्षी सुरक्षा तपासणी सक्तीची आहे. ओहायोत तशी तपासणी नाही. क्लीव्हलंडच्या आसपास जी होते ती केवळ धुराची. म्हणजे या गाडीखाली एखादा तपासनीस इतक्या वर्षांत कधी वाकलाच नसेल, ही शक्यता धरून चालावे.

दुसरे, आणि सर्वांत महत्त्वाचे : २००७ ते २०११ या वर्षांच्या सीआर-व्हीसाठी होंडाने २०२३ मध्ये नेमक्या याच कारणाने रिकॉल काढला होता, म्हणजे दोष दुरुस्त करून देण्यासाठी गाड्या परत बोलावल्या होत्या. मीठ वापरणाऱ्या राज्यांत विकलेल्या वा नोंदलेल्या सुमारे ५,६४,००० गाड्या त्यात होत्या आणि ओहायो त्या यादीत आहे. मीठमिश्रित चिखल मागच्या फ्रेममध्ये तिथल्याच पाणी निथळण्याच्या भोकांतून शिरतो, फ्रेम आतून गंजते आणि मागच्या चाकाला धरणारा ट्रेलिंग आर्म सुटण्याचा धोका निर्माण होतो. अधिकृत डीलर तपासणी करून आधारपट्टी बसवतो किंवा दुरुस्ती करतो, तेही विनामूल्य. गाडीचा १७ अक्षरांचा व्हीआयएन क्रमांक वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर टाका. हे काम बाकी असेल तर लगेच दिसेल. तुम्ही पाहिलेले पोपडे मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला आहेत, म्हणून हे आज रात्रीच करा.

काळ्या सारवणाबद्दल : विक्रीपूर्वी घाईने मारलेला काळा रबरी लेप हा माझ्या दृष्टीने किंमत कमी करण्याचा नव्हे, तर गाडी सोडून देण्याचा विषय आहे. गंज खरवडून काढल्याशिवाय वरून लेप दिला की ओलावा आत कोंडतो आणि काम पडद्याआड चालू राहते. हा लेप नवा आहे हे ओळखणे सोपे असते. तो रबरी होजांवर, बोल्टांच्या आट्यांवर, कधी तर स्टिकरांवरही उडालेला असतो. तेलाचा किंवा लोकरीच्या मेणाचा फवारा याहून वेगळा : तो चिकट, अर्धपारदर्शक असतो, त्याखालचा धातू दिसतो, आणि असा फवारा दिसला तर मालक काळजी घेणारा होता असे खुशाल समजावे.

ओळखीच्या नसलेल्या, विक्रेत्याशी संबंध नसलेल्या गॅरेजात गाडी लिफ्टवर चढवून घ्या. शे-दीडशे डॉलर लागतात. मेकॅनिकला एवढेच विचारा : या गाडीचे अलाइनमेंटचे बोल्ट फिरतील का? गंजाचा खरा भुर्दंड पुढच्या प्रत्येक दुरुस्तीत भरावा लागतो. अर्ध्या तासाच्या कामात बोल्ट तुटला की गॅस टॉर्च, ड्रिल आणि नवे सुटे भाग आले, आणि तुम्ही वाचवलेले दीड हजार दुसऱ्याच दुरुस्तीत जातात.

जाता जाता : तुमच्या भागात २०१८ च्या फ्लॉरेन्स चक्रीवादळासारखे पूर येतात. सीटखालचे बोल्ट आणि डॅशबोर्डमागचे ब्रॅकेट गंजलेले दिसले तर तो मिठाचा नव्हे, पुराचा गंज समजा.

---

नवा_रॅलेकर :

सर्वांचे मनापासून आभार. त्याच रात्री व्हीआयएन टाकला, रिकॉलचे काम बाकी आहे असे दिसले. विक्रेत्याला फोन केला तेव्हा त्याने 'ते होऊन जाईल, आधी गाडी घ्या' असे उत्तर दिले. तरीही कुतूहलापोटी १४० डॉलर भरून काल गाडी लिफ्टवर चढवली.

मेकॅनिक वयस्क आणि अबोल होता. त्याने टॉर्च माझ्या हातात दिला, मागच्या डाव्या चाकाजवळ काळ्या लेपावर स्क्रू-ड्रायव्हरचे टोक टेकवले आणि अंगठ्याने जरा जोर दिला. टोक बोटाच्या एका पेराइतके सहज आत गेले. बाहेर काढताच ओल्या चहापत्तीसारखा चुरा माझ्या बाहीवर पडला. त्याने आणखी कुठे टोचले नाही. ब्रेक लाइनवरही लेप होता, त्यामुळे तिच्याबद्दल काहीच सांगता येणार नाही असे तो म्हणाला. इंजिन मात्र उत्तम असल्याचे त्याने दोनदा सांगितले.

गाडी घेतली नाही. रिकॉलमध्ये डीलर काय देईल ते आताच्या मालकाने, म्हणजे विक्रेत्याने, पाहावे. शनिवारी जॉर्जियातून आलेली २०१२ ची एक गाडी पाहायला जातो आहे. ती नऊशे डॉलरने महाग आहे. टॉर्च, लोहचुंबक आणि जमिनीवर आडवे व्हायला पुठ्ठा घेऊन जाईन.

---

एरीकाठची :

चांगले केलेत. जॉर्जियाची असली तरी कारफॅक्समध्ये पहिल्या मालकाचे राज्य पाहून घ्या. निवृत्त होऊन दक्षिणेत गेलेले आमचे निम्मे शेजारी गाड्याही सोबत घेऊन गेले आहेत.