अँप्लिफायरचा प्रोटेक्शनचा लाल दिवा जातच नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझा जुना स्टिरिओ अँप्लिफायर परवापासून प्रोटेक्शनमध्येच (बिघाड जाणवला की स्पीकर तोडून ठेवणारी सुरक्षा-स्थिती) अडकलाय. एरवी चालू केला की चार-पाच सेकंदांत आतल्या रिलेचा (स्पीकर जोडणाऱ्या विजेवर चालणाऱ्या स्विचचा) 'टक्' आवाज यायचा आणि लाल दिवा विझायचा. आता तो टक् येतच नाही. बाबांनी हौसेने घेतलेला सेट आहे, भंगारात काढायचा नाहीये.

स्पीकरच्या वायरी सोडवून पाहिल्या, फरक शून्य. हीटसिंक (ट्रान्झिस्टरची उष्णता घालवणारा धातूचा भाग) गार. मग झाकण उघडून रिलेच्या अलीकडे मल्टिमीटर लावला: डावीकडे १५ मिलिव्होल्ट डीसी (जवळपास शून्य, म्हणजे ठीक), उजवीकडे चक्क ३८ व्होल्ट! हे स्पीकरपर्यंत पोचलं असतं तर व्हॉइस कॉइल (स्पीकरमधली तारेची गुंडाळी) जळालीच असती. रिलेने वाचवलं.

फ्यूज शाबूत आहेत, त्यामुळे उजव्या बाजूचा आउटपुट ट्रान्झिस्टर (स्पीकरला पॉवर देणारा) शॉर्ट असावा असं वाटतं. तो बोर्डवर असतानाचं रीडिंग खरं मानायचं, की काढूनच तपासू? जोडीतले दोन्ही बदलू ना? ड्रायव्हर ट्रान्झिस्टर (आउटपुटवाल्यांना चालवणारे) आणि ०.२२ ओहमचे एमिटर रेझिस्टरही सोबत जातात का?

मोठे कपॅसिटर डिस्चार्ज करूनच हात घालतोय. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा करंट मर्यादित राहावा म्हणून १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावून चालू करणार आहे, स्पीकर न जोडता. कुणी हे काम केलं असेल तर कृपया सांगा.