खाणीची रॉयल्टी साफसफाईला लावायची का? तुमचं मत सांगा

डिचोलीचो
आमच्याकडे गोव्यात लोहखनिजावर विक्रीच्या 15 टक्के रॉयल्टी आहे, ती जाते सरकारच्या तिजोरीत आणि तिथून कुठे जाते ते देव जाणे. पावसात डंपची, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या ढिगाची, माती नाल्यातून थेट वायंगण (उन्हाळी भाताच्या) शेतात उतरते, वर लाल थर बसतो तो सुकला की कवच होतो, त्यात नांगर कसला घालणार? माझं म्हणणं, रॉयल्टीतला ठरावीक हिस्सा नाले उपसायला आणि डंप बांधायला राखून ठेवा, कायद्याने.

ट्रकवालो
परत तेच! 2012 ला खाणी बंद, 2018 ला परत बंद, आम्ही हप्ते कसे भरले ते विचारलं कोणी? खाणबाधित भागासाठी जिल्हा खनिज निधी आहे, 2014 पासून सुप्रीम कोर्टाने सांगितलेला विक्रीच्या 10 टक्क्यांचा कायमस्वरूपी निधी आहे, खाणींच्या लिलावाचं प्रीमियम वेगळं. गोव्याचा माल मुळात कमी ग्रेडचा, अजून किती कापणार त्यातून?

डिचोलीचो
मी नवीन कर कुठे म्हटलं रे, आहे त्यातलाच हिस्सा. आणि तो कायमस्वरूपी निधी पुढच्या पिढ्यांसाठी आहे, त्यातून नाले उपसायला लागलात तर मग संपलंच.

सत्तरीकार
दोघेही चुकताय असं मला वाटतं. रॉयल्टी ही मालाची किंमत आहे, माल जनतेचा. त्यातून साफसफाई केली म्हणजे घाण कंपनीने करायची आणि खर्च आपल्या पैशाने, हा कुठला न्याय? खड्डा ज्याने खणला त्याच्याकडून आधीच डिपॉझिट घ्या, वेगळं.

ट्रकवालो
हे मात्र पटलं, पण मोठ्यांकडून घ्या, आमचं भाडं कापून नको.

डिचोलीचो
नवीन खाणींना ठीक आहे पण जुने डंप? 2018 ला खाणींच्या 88 लीज (खाणपट्टे) रद्द झाल्या, ते लीजवाले आता हात वर करतात, बाकीचे कोर्टात. अमेरिकेत कोळशावर 1977 पासून टनामागे फी आहे, ती जुन्या सोडून दिलेल्या खाणी दुरुस्त करायला. (सोन्या-तांब्याला मात्र 1872 चाच कायदा, सरकारी जमिनीवर फेडरल रॉयल्टी शून्य, म्हणजे तेही काय शहाणे नाहीत.)

सत्तरीकार
जुन्यांसाठी टनावर फी चालेल. फक्त पैसा पणजीत नको, पंचायतीच्या हातात द्या.

ट्रकवालो
पंचायतीच्या?? आमच्याकडची पंचायत बघितलीय का कधी